ड्युअलस्फिजिक्स: एकूण बल विचारा, शिखर दाब विचारू नका

समुद्रातल्या भिंतीवर, बंधाऱ्यावर किंवा प्लॅटफॉर्मच्या खांबावर लाट किती बलाने आदळते हे संगणकावर काढायचे, तर पर्याय बरेच आहेत. त्यातला फुकट मिळणारा, ग्राफिक्स कार्डावर वेगाने धावणारा आणि तरी गंभीरपणे घ्यावा असा पर्याय म्हणजे ड्युअलस्फिजिक्स. स्पेनचे व्हिगो विद्यापीठ आणि इंग्लंडचे मँचेस्टर विद्यापीठ यांच्याभोवती जमलेल्या गटाने तो बांधला आणि २०११ पासून तो सार्वजनिक आहे. सॉल्व्हरचा (प्रत्यक्ष गणित करणाऱ्या भागाचा) कोड खुला आहे, एलजीपीएल परवान्याखाली. व्यावसायिक कामाला वापरला तरी हरकत नाही. भूमिती तयार करणारे जेनकेस आणि निकाल काढणारी पार्टव्हीटीके, मेझरटूल, कम्प्युटफोर्सेस ही साधने मात्र तयार बायनरी म्हणूनच मिळतात. त्यांच्या पोटात काय चालते ते बघता येत नाही. खुल्या सॉफ्टवेअरचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकेल, आणि खटकायला हवेच.

पद्धत एसपीएच, म्हणजे पाण्याला जाळी न घालता सुट्या कणांत मांडायचे. प्रत्येक कण शेजाऱ्यांकडून दाब घेतो आणि हलतो. लाट फुटली, उसळली, भिंतीवरून पलीकडे पडली, तरी जाळी फाटण्याचा प्रश्नच येत नाही. ओपनफोमसारख्या जाळीवाल्या सॉफ्टवेअरमध्ये टेट्रापॉडच्या (चार पायांच्या काँक्रीट ब्लॉकच्या) राशीभोवती जाळी बसवताना जे हाल होतात, ते इथे वाचतात: त्रिमितीय आकाराची एसटीएल फाइल द्यायची, जेनकेस ती कणांनी भरून देते.

इन्स्टॉल करण्यासारखे काही नाही. झिप उघडायची, उदाहरणांच्या फोल्डरमधली बॅच फाइल (लिनक्सवर शेल स्क्रिप्ट) चालवायची. कार्डावर चालवायचे तर ते एनव्हिडियाचेच लागते; एएमडीचे चालत नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरवर धावते, पण तसे फक्त लहान द्विमितीय केससाठी करावे. ज्यांना केसची एक्सएमएल फाइल हाताने लिहायची नाही त्यांच्यासाठी फ्रीकॅडमध्ये डिझाइनस्फिजिक्स नावाचे प्लगइन आहे. सुरुवातीला ते ठीक. पण एकाच भूमितीच्या दहा केस चालवायच्या तर शेवटी एक्सएमएलमध्येच उतरावे लागते.

एक भिंत, हातात कॅल्क्युलेटर घेऊन

सॉफ्टवेअर कसे आहे हे रंगीत अ‍ॅनिमेशनवरून ठरत नाही. उत्तर आधीच हाताने काढता येईल अशी केस घ्यावी. इथे घेतली आहे उभी, सपाट भिंत: समोर ८ मी. पाणी, तळ सपाट, लाट ३ मी. उंच, आवर्तकाल ९ सेकंद, लाट भिंतीवर काटकोनात. या खोलीत अशा लाटेची लांबी सुमारे ७४ मी. येते. लाटनिर्मितीच्या पिस्टनपासून भिंतीपर्यंत तीन लाटा, म्हणजे साधारण २२५ मी. फ्ल्यूम (लाटांची लांब, अरुंद टाकी).

कणांमधले अंतर, म्हणजे डीपी, किती ठेवायचे? लाटेच्या उंचीत किमान दहा कण बसावेत हा किमान नियम. बल काढायचे तर वीस. म्हणून डीपी ०.१५ मी. द्विमितीय केसमध्ये पाण्याचे कण ८० हजार होतात. हे घरच्या गेमिंग लॅपटॉपलाही जड नाही. तीच केस १५ मी. रुंदीची त्रिमितीय केली की ८० लाख. आणि डीपी निम्मा केला तर द्विमितीत काम आठपट, त्रिमितीत सोळापट वाढते, कारण कण वाढतात तसे वेळेचे पाऊलही लहान होते.

ते पाऊल किती लहान, हे आधी काढून ठेवावे. इथे पाणी किंचित दबणारे मानलेले असते आणि ध्वनीचा वेग मुद्दाम कमी घेतलेला असतो: नेहमीच्या कोएफसाउंड (ध्वनीवेग ठरवणारा गुणक) २० वर, ८ मी. खोलीला तो सुमारे १७७ मी. प्रतिसेकंद येतो. कोएफएच (एच, म्हणजे कणाच्या प्रभावाचे अंतर, ठरवणारा गुणक) १.२ आणि सीएफएल (वेळेच्या पावलाचा गुणक) ०.२ धरले तर पाऊल ०.०००२९ सेकंदाच्या आसपास. तीस लाटा, म्हणजे २७० सेकंद, चालवायला सुमारे साडेनऊ लाख पावले. उसळून पलीकडे जाणाऱ्या पाण्याची सरासरी काढायला हजार लाटांची अनियमित मालिका लागते. ती याच हिशेबाने तीन कोटी पावलांवर जाते. म्हणून त्रिमितीय केस पूर्ण वादळासाठी चालवण्याचा हट्ट धरू नये. आधी स्वॅशसारख्या हलक्या मॉडेलने वादळ चालवावे, त्यातल्या सर्वांत वाईट चार-पाच लाटा निवडाव्यात आणि तेवढ्याच इथे आणाव्यात. स्वॅशशी जोडणी करण्याची सोय आहेच.

आता हातचे उत्तर. पाणी स्थिर असताना भिंतीवर दर मीटर लांबीला ३२२ किलोन्यूटन बल यायला हवे, घनता १०२५ धरून. गोडाच्या सूत्राने (१९७४ पासून उभ्या भिंतींसाठी जगभर वापरात असलेले) लाटेचे जास्तीचे बल सुमारे २५२ किलोन्यूटन प्रतिमीटर निघते. भिंत स्थिर पाणपातळीच्या वर किमान साडेचार मीटर आहे आणि पायथ्याला दगडांचा थर नाही असे धरून. या दोन आकड्यांच्या आसपास मॉडेल येते का, हीच परीक्षा.

पहिली गडबड इथेच होते. उदाहरणांच्या फाइलींमध्ये आरएचओपीझीरो (पाण्याची घनता) १००० असतो. तो तसाच राहिला तर स्थिर पाण्याचे बल ३१४ येते आणि लोक अडीच टक्क्यांची चूक शोधत बसतात. दुसरी अशी की भिंतीमागे पाणी नसेल तर कम्प्युटफोर्सेस स्थिर आणि लाटेचे मिळून एकूण बल देते, म्हणजे ५७४ च्या जवळपास. गोडाशी तुलना करताना ३२२ वजा करायचे विसरले की मॉडेल दुप्पट बल दाखवते असा बोभाटा होतो. द्विमितीय केसमध्ये येणारे आकडे आधीच दर मीटर लांबीचे असतात. त्यांना पुन्हा डीपीने भागू नये.

तिसरी गडबड क्रमांकांची. एक्सएमएलमध्ये भिंतीला एमकेबाउंड १० दिला असेल तर निकालाच्या साधनांना तो २१ म्हणून सांगावा लागतो, कारण सीमेच्या क्रमांकात ११ मिळवले जातात. चुकीचा क्रमांक दिला तर भलत्याच पृष्ठभागाचे बल निघते आणि आलेखाकडे बघून ते कळत नाही. म्हणून लाट सुरू करण्याआधी पाच सेकंद पाणी स्थिर ठेवून बल बघावे. ३२२ आले नाही तर पुढे जायचे नाही.

भिंत आणि पाण्यामधली फट

या सॉफ्टवेअरची जुनी दुखरी जागा म्हणजे सीमा. मूळ डीबीसी पद्धतीत भिंतीचे कण पाण्याला दूर ढकलतात आणि मधे साधारण दीड डीपीची फट राहते. आपल्या केसमध्ये ती वीसेक सेंटीमीटर होते. दाब मोजण्याचा बिंदू भिंतीच्या अगदी पृष्ठभागावर ठेवला तर तो फटीत पडतो. मेझरटूल अशा ठिकाणी शेजारी कमी दिसले की, म्हणजे केसीलिमिट ०.५ च्या खाली गेले की, शून्य लिहून मोकळे होते. आलेखात दाब मधेच शून्यावर आपटलेला दिसतो आणि लोक त्याला 'लाट मागे हटली' असा अर्थ लावतात.

सुधारित एमडीबीसी पद्धत ही फट बऱ्यापैकी मिटवते आणि दाबाची खरखरही कमी करते. पण तिला प्रत्येक सीमाकणाचा लंब लागतो. सपाट भिंतीला तो सहज मिळतो. टेट्रापॉडच्या टोकांवर, कोपऱ्यांवर, पातळ पत्र्यावर तो चुकतो आणि तिथून पाणी गळते. लंब बरोबर आहेत का हे जेनकेसने तयार केलेल्या व्हीटीके फाइलीत पॅराव्ह्यूवर बाण काढून तपासावे. बाण पाण्याकडे असले पाहिजेत. साध्या भिंतीला एमडीबीसी, वेड्यावाकड्या ब्लॉकच्या राशीला डीबीसी आणि बारीक डीपी, असा व्यवहार बरा.

घनतेच्या विसरणाचा पर्यायही बघून घ्यावा. डेन्सिटीडीटी १ (मोल्तेनी) स्थिर पाण्यात पृष्ठभागाजवळ दाब बिघडवतो. भिंतीवरच्या बलासाठी २ किंवा ३ (फोर्तकास) घ्यावे. ०, म्हणजे काहीच नाही, तर बलाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो.

लाट वाटेतच का मरते

पिस्टनजवळ ३ मी. असलेली लाट भिंतीजवळ २.७ वर आली, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. दोष कृत्रिम श्यानतेचा. व्हिस्को ०.०१ हा नेहमीचा आकडा दिसायला लहान. पण द्विमितीत त्याचा प्रत्यक्ष परिणाम साधारण अल्फा (म्हणजे हाच व्हिस्को) गुणिले ध्वनीवेग गुणिले एच, भागिले ८ एवढा असतो. आपल्या केसमध्ये तो ०.०५६ वर्गमीटर प्रतिसेकंद येतो. खऱ्या पाण्याची श्यानता साधारण ०.०००००१. म्हणजे मॉडेलमधले पाणी ५६ हजार पट दाट आहे, आणि तरीही लाट तीन लांब्या चालते हेच नवल. उपाय दोन: फ्ल्यूम लांबवू नये, आणि डीपी लहान करावा (एच कमी झाला की हा परिणामही कमी होतो). व्हिस्को आणखी कमी करून लाट वाचवायला गेलात तर कण विस्कटतात. भिंत काढून टाकून, तिच्या जागी शोषक किनारा ठेवून, त्या ठिकाणची लाट आधी मोजावी. लक्ष्यापेक्षा कमी आली तर पिस्टनला द्यायची उंची वाढवावी. हे प्रयोगशाळेतल्या खऱ्या फ्ल्यूममध्येही करतात. संगणक आहे म्हणून टाळायचे कारण नाही.

भिंतीवरून परतलेली लाट पिस्टनवर आदळून पुन्हा भिंतीकडे येते, तिचे काय? सक्रिय शोषणाची सोय (एडब्ल्यूएएस) त्यासाठी आहे: पिस्टनजवळची पातळी मोजून त्याची हालचाल सुधारली जाते. उभ्या भिंतीच्या केसमध्ये ती चालू नसेल तर चौथ्या-पाचव्या लाटेपासून बलाचे आकडे टाकाऊ. बऱ्याच प्रबंधांत ती बंद असते आणि बल लाटेगणिक वाढत जाते; त्याला 'अनुनाद' म्हणून मोकळे होतात.

बलाचा आलेख कुठून घ्यायचा

कम्प्युटफोर्सेस साठवलेल्या फाइलींवर चालते. टाइमआउट (दोन साठवणींमधला काळ) ०.१ सेकंद ठेवला तर बलही दर ०.१ सेकंदालाच मिळते, आणि लाट फुटून बसणारा फटका मधल्या जागेत हरवतो. टाइमआउट हजारांश सेकंदांवर आणला तर डिस्क भरते: एका कणाचे स्थान, वेग, घनता आणि क्रमांक मिळून ३२ बाइट धरले तरी ८० लाख कणांची एक फाइल पाव जीबीची, आणि दर ०.१ सेकंदाला साठवूनही २७० सेकंदांच्या सुमारे ७०० जीबी. म्हणून बलासाठी एक्सएमएलमध्ये गेज लावावा. हा गेज सॉल्व्हर चालू असतानाच ठरावीक पृष्ठभागावरचे बल काढतो आणि सीएसव्हीत लिहितो; त्याचा काळ ०.००२ सेकंद ठेवला तरी फाइल काही एमबींची. हा पर्याय मार्गदर्शिकेत आहे, पण उदाहरणे कम्प्युटफोर्सेसकडे बोट दाखवतात आणि नवखे तिकडेच जातात.

आता शीर्षकातला मुद्दा. लाट भिंतीवर सपाट आदळते तेव्हाचा शिखर दाब घनता गुणिले ध्वनीवेग गुणिले आदळण्याचा वेग या मर्यादेकडे झुकतो. मॉडेलमध्ये ध्वनीवेग आपण ठरवलेला आहे, १७७. खऱ्या पाण्यात तो १५०० च्या घरात, आणि पाण्यात बुडबुडे मिसळले की खूपच कमी. कोएफसाउंड २० चे ४० केले की शिखर दाब बदलतो, एकूण आवेग जवळपास तोच राहतो. शिवाय नेहमीच्या आवृत्तीत हवा नाही. भिंत आणि लाट यांच्यामध्ये कोंडलेली हवा उशीसारखी दबते आणि दाबाला कंप देते. इथे त्या जागी पोकळी असते. म्हणून एका बिंदूवरचा शिखर दाब या सॉफ्टवेअरमधून काढून काँक्रीटच्या पॅनेलचे डिझाइन करू नये. पूर्ण भिंतीवरचे बल, आवेग, उलथवणारे आघूर्ण, घसरण्याची तपासणी यांसाठी निकाल भरवशाचे आहेत. डीपीच्या तीन वेगवेगळ्या मूल्यांवर (इथे ०.१५, ०.१० आणि ०.०७५) बल स्थिरावते का ते बघून मगच.

टेट्रापॉड, दगड आणि कोकण

मरीन ड्राइव्हसारख्या ठिकाणी टेट्रापॉडच्या थरावरून पाणी कसे चढते, कुठल्या ब्लॉकवर किती बल येते, हे प्रश्न ड्युअलस्फिजिक्सचे खरे मैदान आहेत. ब्लॉकची खरी भूमिती एसटीएलने आत जाते, आणि प्रोजेक्ट क्रोनोशी (घन वस्तूंची हालचाल काढणारे सॉफ्टवेअर) जोडले तर ब्लॉक सुटे होऊन हलतातही. अट एकच: ब्लॉकांमधली पोकळी पाच-सहा कणांची तरी हवी. दोन मीटर उंचीच्या टेट्रापॉडला डीपी ०.०५ घ्यावा लागतो. तेवढा बारीक डीपी पूर्ण फ्ल्यूमला परवडत नाही, म्हणून ब्लॉकांचा पट्टा अरुंद घेऊन बाजूंना आवर्ती सीमा लावतात.

पण थराखालच्या गाभ्याचे काय? छोट्या दगडांच्या गाभ्यातून पाणी आत-बाहेर होते आणि त्यानेच बंधारा टिकतो. ते दगड कणांनी दाखवणे अशक्य. गाभा भरीव दाखवला तर उसळणारे पाणी आणि वरच्या थरावरचे बल दोन्ही जास्त येतात. ओपनफोमवरच्या ओलाफ्लोमध्ये गाभा सच्छिद्र माध्यम म्हणून सच्छिद्रता आणि दगडाचा व्यास देऊन मांडता येतो. कोकणातले बहुतेक धूपप्रतिबंधक बंधारे दगडांचे आहेत. त्यांच्यासाठी आधी ओलाफ्लोकडेच जावे. ड्युअलस्फिजिक्स काँक्रीटच्या वक्र भिंती, कॅसन (काँक्रीटच्या मोठ्या पेट्या), पॅरापेट (वरचा कठडा) आणि ब्लॉकांचे वरचे थर यांच्यासाठी.

मुंबईच्या किनाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट: मोठ्या उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणपातळी पाच मीटरपर्यंत हलते. एकच पातळी घेऊन केस चालवणे म्हणजे अर्धे काम. भरतीला पॅरापेटवरचे बल मोठे, ओहोटीला पायथ्याच्या थरावरचे. पाणी उथळ झाले की लाट भिंतीआधी फुटते आणि फटक्याचे स्वरूपच बदलते. किमान दोन पातळ्या, आणि मधल्या एखाद्या पातळीला लाट नेमकी भिंतीवर फुटत असेल तर तीही. अशा केसची पडताळणी करायला खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रासारख्या ठिकाणचे भौतिक फ्ल्यूमचे निकाल मिळाले तर सोन्याहून पिवळे.

कुठे वापरू नये

मुंबई हायसारख्या ठिकाणच्या जॅकेट प्लॅटफॉर्मच्या (पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर उभ्या तेल-प्लॅटफॉर्मच्या) सडपातळ खांबांवरचे बल काढायला याची गरज नाही. खांबाचा व्यास लाटेच्या लांबीच्या एक पंचमांशापेक्षा बराच कमी असतो. तिथे १९५० पासूनचे मॉरिसन समीकरण पुरते. गुळगुळीत नळीला ओढ गुणांक ०.६५ आणि जडत्व गुणांक १.६, शेवाळ-शिंपल्यांनी खडबडीत झालेल्याला १.०५ आणि १.२, हे एपीआयचे (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे) नेहमीचे आकडे घेऊन स्प्रेडशीटवर काम होते. मोठ्या टाकीसारख्या किंवा तरंगत्या रचनेवर न फुटणाऱ्या लाटा असतील तर विवर्तनाची गणिते करणारे कॅपिटेन मिनिटांत उत्तर देते. ड्युअलस्फिजिक्स काढावे ते लाट डेकला खालून आदळते, किंवा तरंगत्या वस्तूवर पाणी चढते, किंवा नांगराच्या साखळ्या ताणल्या जातात (मूरडिनप्लस जोडणी आहे) तेव्हा.

पॅरापेटवरून पलीकडे जाणारा पाण्याचा थर ३० सेंमी जाड असेल आणि डीपी १५ सेंमी, तर त्या थरात दोन कण असतात. तो आकडा लिटर प्रतिसेकंद प्रतिमीटर म्हणून अहवालात टाकणे हा निव्वळ आगाऊपणा.

कार्ड घेताना महागड्या डेटासेंटर कार्डाच्या मागे लागू नये. कणांची स्थाने दुहेरी अचूकतेत ठेवली जातात, पण बलांची आकडेमोड मुख्यतः एकेरी अचूकतेत होते, त्यामुळे गेमिंगचे जीफोर्स कार्ड पैशाच्या मानाने उत्तम चालते. मेमरी मात्र जास्तीत जास्त बघावी. सार्वजनिक आवृत्ती एकाच कार्डावर धावते. दोन कार्डे लावून केस दुप्पट मोठी होत नाही. सल्लागाराकडून असा अहवाल विकत घेणाऱ्यांनी अ‍ॅनिमेशन नंतर बघावे. आधी डीपी किती, सीमापद्धत कोणती, स्थिर पाण्याचे बल किती आले, भिंतीशिवाय लाट किती मोजली आणि बल गेजमधून घेतले की साठवलेल्या फाइलींतून, या पाच गोष्टी लेखी मागाव्यात.